क्रिओल कोळंबी : कृती कोणाची, साक्ष कोणाची ?

पाककृतींच्या पुस्तकांवर समीक्षा लिहिण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. काव्य, नाटक, कादंबरी यांचे गुणदोष आपण साक्षेपाने तपासतो. पण ज्या पुस्तकाच्या आधारे घरोघरी चूल पेटते, त्यावर ‘उपयुक्त’ एवढाच शेरा मारून पुढे जातो. आमच्या मते हे योग्य नव्हे. पाककृती हे एक विधान असते. अमुक पदार्थ अमुक रीतीने होतो आणि ती रीत अमक्या लोकांची आहे, अशी ती एक साक्षच होय. साक्ष म्हटली की साक्षीदार कोण, त्याने स्वतः पाहिले की दुसऱ्याकडून ऐकले, आणि त्याने कोणाचे नाव सांगितले व कोणाचे गाळले, हे प्रश्न ओघानेच येतात. वकिलीच्या व्यवसायामुळे असे प्रश्न विचारण्याची सवय आम्हांस जडलेली आहे. त्याच सवयीने प्रस्तुत लेखात आम्ही एका परमुलखातील पदार्थाची कागदपत्रे तपासणार आहोत. हा पदार्थ म्हणजे अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराची ‘क्रिओल कोळंबी’.

कांदा, हिरवी भोपळी मिरची आणि सेलरीचे दांडे बारीक चिरून लोण्यात परतावे, त्यात लसूण व टोमॅटो घालून दाट रस्सा आटवावा, शेवटी त्यात कोळंबी सोडावी आणि मोकळ्या पांढऱ्या भातावर वाढावी, असे या पदार्थाचे थोडक्यात स्वरूप आहे. सुंगटांच्या हुमणावर पोसलेल्या गोमंतकीय वाचकाला यात अनोळखी असे फारसे काही वाटणार नाही. नारळ नाही, कोकम नाही; पण भात आहे, कोळंबी आहे, तिखट आहे आणि आंबटपणाही आहे. ज्यांच्या घरी मासळी वर्ज्य आहे अशा आमच्या इंदूर-बडोद्याच्या वाचकांनीही हा लेख बाजूस ठेवू नये अशी आमची विनंती आहे. कारण आमचा खरा विषय ताटातल्या कोळंबीपेक्षा ती रांधणाऱ्या हाताचा आहे.

प्रथम नावाचा विचार करू. ‘क्रिओल’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला असला तरी त्याचे मूळ पोर्तुगीज ‘क्रिओउलु’ व स्पॅनिश ‘क्रिओयो’ यांत आहे, आणि त्याच्या मुळाशी ‘वाढविणे, पोसणे’ या अर्थाचा धातू आहे. मायदेशात न जन्मता वसाहतीत जन्मलेला व वाढलेला तो क्रिओल. पोर्तुगीज अमलाची साडेचारशे वर्षे पाहिलेल्या गोव्यात अशा भेदांची शब्दसंपत्ती विपुल होती. पोर्तुगीज आईबापांच्या पोटी हिंदुस्थानात जन्मलेल्याला निराळे नाव होते आणि मिश्र विवाहाच्या संततीला निराळे. न्यू ऑर्लिन्समध्ये हा शब्द गोऱ्या वसाहतवाल्यांच्या मुलांनाही लागे, तेथेच जन्मलेल्या आफ्रिकी गुलामांच्या मुलांनाही लागे आणि मिश्र वंशाच्या स्वतंत्र नागरिकांनाही लागे. पुढे एकोणिसाव्या शतकात गोऱ्या घराण्यांनी हे नाव केवळ आपलेच आहे असा हट्ट धरला. म्हणजे ज्या पदार्थाची आपण चौकशी करीत आहोत, त्याच्या नावावरच मालकीचा दावा पडलेला आहे.

पदार्थातील जिन्नसांचा पुरावा मात्र कोणा एकाच्या बाजूने साक्ष देत नाही. फ्रेंचांनी हे शहर १७१८ साली वसविले. दुसऱ्याच वर्षी, १७१९ मध्ये, गुलामांची पहिली जहाजे आफ्रिकेहून लुइझियानात आली. त्यांच्या कप्तानांना बियाण्यासाठी भात आणि भातशेती जाणणारी माणसे आणावयाचा हुकूम होता, ही गोष्ट कागदोपत्री नमूद आहे. १७६० च्या दशकात वसाहत स्पेनकडे गेली व जवळजवळ चाळीस वर्षे तिच्याकडे राहिली. १८०३ मध्ये ती संयुक्त संस्थानांनी विकत घेतली. पुढे १८०९-१० साली हाइतीतील क्रांतीमुळे परागंदा झालेले नऊ हजारांवर लोक क्युबामार्गे येथे आले आणि शहराची वस्ती दुपटीच्या घरात गेली. लोण्यात कांदा-सेलरी परतण्याची रीत फ्रेंच. टोमॅटो, मिरची व लसूण तेलावर शिजवून रस्सा सिद्ध करण्याची रीत स्पॅनिश वळणाची. भात पिकविण्याची व मोकळा शिजविण्याची विद्या बव्हंशी आफ्रिकेची. आणि तिखट व टोमॅटो हे मूळ अमेरिका खंडांतील आदिवासींचे. हीच मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागली आणि दोन-तीन शतकांत आपल्या आमटीत अशी मुरली की ती परकी होती हे सांगूनही पटू नये. तेव्हा पदार्थ संमिश्र आहे, यात वाद नाही. वाद आहे तो पुढे. हे सर्व एकाच भांड्यात घालून, चव पाहून, चुकत-सुधारत त्याला रूप कोणी दिले ?

याचे उत्तर शहराच्या इतिहासात स्पष्ट आहे. गुलामगिरीच्या काळात आणि तिच्यानंतरही पुष्कळ वर्षे न्यू ऑर्लिन्सच्या सुखवस्तू घरांतील चुली आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या व पुरुषांच्या हाती होत्या. बाजारात कोळंबी विकणारे तेच, घरात ती सोलणारे तेच, रांधणारे तेच. आता ही वस्तुस्थिती पुस्तकांत कशी उतरली ते पाहावयाचे.

१८८५ साली क्रिओल पाकशास्त्राची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. शहरात तेव्हा कापसाच्या व्यापाराचे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि येणाऱ्या पाहुण्यांना विकण्याजोगी वस्तू म्हणून या पुस्तकांना निमित्त मिळाले. एक होते ख्रिस्ती महिलांच्या एका संस्थेचे. दुसरे होते ‘ला क्विझीन क्रिओल’. हे दुसरे पुस्तक लाफकादिओ हर्न या पत्रकाराने निनावी प्रसिद्ध केले. हा तोच हर्न, जो पुढे जपानात जाऊन कोइझुमी याकुमो या नावाने तेथील साहित्यात अजरामर झाला. हर्न हा लोकजीवनाचा मार्मिक निरीक्षक होता. त्याच वर्षी त्याने क्रिओल भाषेतील म्हणींचा संग्रहही प्रसिद्ध केला. असे असूनही त्याच्या पाकपुस्तकाच्या उपशीर्षकात श्रेय दिले आहे ते नामवंत शेफना आणि प्रसिद्ध क्रिओल गृहिणींना. ज्यांच्या तोंडच्या म्हणी त्याने आस्थेने टिपल्या, त्यांच्याच हातच्या पदार्थांचे श्रेय त्यांना देण्याचे त्याला सुचले नाही. स्वतः हर्नने आपलेही नाव पुस्तकावर घातले नव्हते, हे त्याच्या बाजूने सांगता येईल. परंतु ग्रंथकर्त्याने स्वेच्छेने नाव लपविणे आणि दुसऱ्याचे नाव मुळातच न लिहिणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

त्यानंतर १९०० साली ‘पिकायून’ या तेथील वृत्तपत्राने आपले क्रिओल पाकपुस्तक काढले. ग्रंथ म्हणून ते हर्नच्या पुस्तकाहून कितीतरी सविस्तर आणि पद्धतशीर आहे. त्याचे महत्त्व आजही कोणी नाकारीत नाही. त्याच्या प्रस्तावनेतच जुन्या आफ्रिकी वंशाच्या स्वयंपाकिणी आता नाहीशा होत चालल्या आहेत, तेव्हा त्यांची विद्या नव्या पिढीतील गृहिणींसाठी लिहून ठेविली पाहिजे, असा उद्देश सांगितला आहे. हा कबुलीजबाब महत्त्वाचा आहे. विद्या कोणाची, हे प्रतिपक्षानेच मान्य केले. पण त्या स्त्रिया येथे एक वर्ग म्हणून येतात, डोक्यावरच्या रंगीत रुमालासह एक चित्र म्हणून येतात. ग्रंथकर्त्या म्हणून येत नाहीत. त्यांच्या जाण्याचा शोक केला आहे तो घरातील जुने भांडे फुटल्याचा करावा तसा. पुस्तकाचा हाच दोष आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. त्यातील कृती चुकीच्या नाहीत. त्यांचा उगम कोठे आहे हे ठाऊक असूनही दस्तऐवजावर सही मात्र भलत्याचीच आहे.

या पार्श्वभूमीवर १९३९ साली निघालेले एक पुस्तक आम्हांस फार मोलाचे वाटते. त्याची लेखिका लीना रिचर्ड. यांचा जन्म १८९२ चा. पोरवयातच त्या एका गोऱ्या कुटुंबाकडे स्वयंपाकास राहिल्या. त्यांचा हात पाहून मालकिणीने त्यांना शिक्षणासाठी पाठविले, आणि १९१८ साली बॉस्टन येथील फॅनी फार्मर यांच्या नामांकित पाकशाळेतून त्यांनी पदवी घेतली. १९३७ साली त्यांनी स्वतःची पाकशाळा काढली. त्यामागील हेतू त्यांनी उघड सांगितला आहे : आपल्या समाजातील स्त्रीपुरुषांनी हे काम शास्त्रशुद्ध शिकावे आणि त्यायोगे जास्त पगार मागण्याची ताकद त्यांच्या अंगी यावी. पाकपुस्तकाच्या मुळाशी वेतनाचा प्रश्न असलेले असे उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही. तीनशेहून अधिक कृतींचे हे पुस्तक त्यांनी स्वखर्चाने छापले व त्याच्या मथळ्यातच आपले नाव घातले. पुढच्या वर्षी, १९४० मध्ये, एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ते नव्याने काढले तेव्हा मथळा झाला नुसता ‘न्यू ऑर्लिन्स पाकपुस्तक’. लेखिका तीच राहिली, पण मथळ्यात माणसाच्या जागी शहर आले. १९४९ साली लीना रिचर्ड शहरातील दूरचित्रवाणीवर स्वतःच्या नावाने पाककृती शिकवू लागल्या. १९५० साली त्यांचे निधन झाले.

येथवरची कथा पुस्तकांची झाली. आता आमच्या व्यवसायाच्या प्रांतात येतो, कारण या पदार्थाचा आणि न्यायालयाचा संबंध वाटतो त्यापेक्षा पुष्कळ निकटचा आहे. न्यू ऑर्लिन्सच्याच एका मिश्र वंशाच्या क्रिओल नागरिकाने, होमर प्लेसी याने, १८९२ साली गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसून वर्णभेदाच्या कायद्यास आव्हान दिले. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती हार्लन यांचा एकट्याचा मतभेद तेवढा नोंदला गेला. ‘निराळे परंतु समान’ या नावाने कुप्रसिद्ध झालेले तत्त्व त्यातून पुढे अर्धे शतक टिकले. त्या काळात न्यू ऑर्लिन्सच्या उपाहारगृहांत एक विलक्षण व्यवस्था नांदत होती. मुदपाकखान्यात काळे हात चालत. बाहेरच्या टेबलाशी त्याच हातांचा माणूस चालत नसे. रस्सा ग्राह्य, आणि रस्सा करणारा अग्राह्य !

१७ सप्टेंबर १९६० रोजी शहराच्या कनाल स्ट्रीटवरील मॅक्क्रोरी यांच्या दुकानातील उपाहाराच्या बाकावर तीन कृष्णवर्णीय आणि एक गोरा असे चार विद्यार्थी जाऊन बसले व त्यांनी खाद्यपदार्थ मागितले. ते मिळाले नाहीत आणि निघून जाण्यास नकार दिल्यावरून त्यांना अटक झाली. प्रत्येकास साठ दिवसांची कैद व साडेतीनशे डॉलर दंड अशी शिक्षा झाली. त्यांपैकी एकाचे नाव रूडी लोंबार्ड. त्याच्याच नावाने हा खटला ‘लोंबार्ड विरुद्ध लुइझियाना’ म्हणून ओळखला जातो. शहरात उपाहारगृहांत वर्णभेद पाळावा असा कोणताही नियम लिखित नव्हता. परंतु महापौरांनी व पोलीस-प्रमुखांनी असे सत्याग्रह चालू देणार नाही अशी जाहीर घोषणा केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० मे १९६३ रोजी शिक्षा रद्द केल्या. सरन्यायाधीश वॉरन यांच्या निकालपत्राचे सार असे की, अधिकाऱ्यांनी जाहीर हुकमाने वर्णभेद चालविला तर त्याचा परिणाम लिखित कायद्यासारखाच होतो. तो दुकानदाराचा खाजगी निर्णय होता असे म्हणून शासनाला हात झटकता येणार नाहीत. दुसऱ्या वर्षी, १९६४ साली, नागरी हक्कांच्या कायद्याने हा प्रश्न देशभर मिटविला.

आता सुज्ञ वाचकांनी पुढील गोष्टीकडे लक्ष द्यावे. याच रूडी लोंबार्ड यांनी १९७८ साली नॅथॅनिएल बर्टन या ज्येष्ठ शेफबरोबर ‘क्रिओल फीस्ट’ हे पाकपुस्तक काढले. न्यू ऑर्लिन्समधील पंधरा निष्णात कृष्णवर्णीय पाककर्त्यांची त्यांत नावानिशी ओळख आहे आणि त्यांच्या कृती त्यांच्याच नावावर आहेत. ली चेस आहेत. ऑस्टिन लेस्ली आहेत. ज्या माणसाने तरुणपणी बाकावर बसण्याचा हक्क मागितला, त्यानेच प्रौढपणी चुलीवरच्या नावाचा हक्क मागितला. आमच्या दृष्टीने हे एकाच दाव्याचे दोन भाग आहेत. पहिल्याचा निकाल न्यायालय देऊ शकले, दुसऱ्याचा देऊ शकणारे न्यायालय नाही. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे केवळ जिन्नसांच्या यादीवर कोणाचा ग्रंथस्वामित्वहक्क चालत नाही. म्हणून हा दावा केवळ दुसऱ्या पुस्तकानेच लढविता येतो.

‘क्रिओल फीस्ट’मध्येही एक उणीव आहे व ती सांगणे आमचे कर्तव्य आहे. ‘निष्णात शेफ’ ही त्या पुस्तकाची कसोटी असल्यामुळे त्यात बहुतांशी हॉटेलांतील व उपाहारगृहांतील पाककर्ते आले. घरची चूल सांभाळणारी, ज्यांच्याकडून हे शेफ स्वतः शिकले ती आई-आजी-मावशी पुन्हा एकदा मुखपृष्ठाबाहेरच राहिली. आणि क्रिओल कोळंबी हा तर मूलतः घरचाच पदार्थ. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या व्रतातील शुक्रवारी कॅथलिक घरांत मांस वर्ज्य. मासळी मात्र चालते. आपल्याकडे सोमवारी आणि श्रावणात मासळी बंद होते, तेथे व्रत आले की कोळंबीचे भांडे चुलीवर चढते. असा हा व्रताच्या दिवसाचा साधा घरगुती पदार्थ आहे, आणि त्याचे मर्म घरच्याच रीतीने करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून ती रीत येथे थोडी विस्ताराने सांगतो. चार माणसांसाठी अर्धा किलो कोळंबी डोक्यासकट व सालीसकट घ्यावी. ती सोलून पाठीतला काळा दोरा काढावा, पण डोकी व साले टाकू नयेत. थोड्या लोण्यावर ती लाल होईतो परतून त्यांवर चार-पाच वाट्या पाणी घालावे आणि वीस-पंचवीस मिनिटे उकळून गाळून घ्यावे. पदार्थाचा निम्मा जीव या पाण्यात आहे. कोळंबीच्या सालीत तांबडे रंगद्रव्य असते. कच्चेपणी ते प्रथिनाशी बांधलेले असल्यामुळे कोळंबी करडी दिसते, उष्णतेने ते सुटते आणि स्निग्धांशात उतरते. म्हणून साल आधी लोण्यात परतावयाची आणि मग पाणी घालावयाचे.

दुसऱ्या जाड बुडाच्या भांड्यात दोन-तीन चमचे लोणी व थोडे तेल तापवून एक मोठा कांदा, अर्धी भोपळी मिरची व सेलरीचे दोन दांडे बारीक चिरून घालावेत. या तिघांना तेथील लोक ख्रिस्ती त्रैक्याचे नाव देतात. मंद आचेवर दहा-बारा मिनिटे परतावे. कांदा तांबूस होता कामा नये, मऊ व्हावा. मग लसणीच्या चार पाकळ्या, मग अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, तमालपत्र, चिमूटभर वाळलेली थाईम, मीठ व तिखट. येथे एक सूचना : तेथील तमालपत्र भूमध्य समुद्राकाठच्या लॉरेल झाडाचे असते, आपले दालचिनीच्या जातीतील झाडाचे, आपले पान घातल्यास चव दालचिनीकडे झुकेल, तेव्हा लहान तुकडाच पुरे. गाळून ठेवलेले पाणी दोन वाट्या ओतून रस्सा अर्धा तास मंद आटू द्यावा. सोललेली कोळंबी सर्वांत शेवटी घालावी व तीन-चार मिनिटांत, ती वाकडी होऊन गुलाबी-पांढरी दिसताच, भांडे उतरवावे. अधिक शिजल्यास तिच्यातील प्रथिने आकसून पाणी बाहेर टाकतात व ती चिवट होते. वरून कांद्याची पात भुरभुरावी, हवे तर लिंबू पिळावे आणि मोकळ्या भातावर वाढावे.

या कृतीत मौल्यवान असे काय आहे ? टोमॅटो नव्हे, लोणीही नव्हे. डोकी-साले न टाकण्याची काटकसर, कांदा तांबूस होऊ न देण्याचा धीर आणि कोळंबी शेवटी टाकण्याचा संयम, एवढेच. या तिन्ही गोष्टी जेवणाऱ्याच्या बाजूने दिसत नाहीत. त्या चुलीशी उभ्या राहिलेल्या माणसालाच ठाऊक असतात. आम्ही साक्षीदाराच्या ओळखीचा एवढा आग्रह का धरतो, याचे कारण येथे भांड्यातच सापडते. पंगतीत बसलेला मनुष्य पदार्थाची चव सांगू शकेल. त्याची कृती तोच सांगेल ज्याने भांडे ढवळले.

याविरुद्ध एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. अन्न हे सर्वांचे असते. प्रत्येक पानावर वंश, वर्ण आणि श्रेय यांचा हिशेब मांडत बसले तर जेवणाचा आनंदच नासेल, असे कोणी म्हणेल. अन्न सर्वांचे आहे हे आम्हांसही मान्य आहे. क्रिओल कोळंबी कोणीही करावी, कोठेही करावी, हवा तर त्यात बदलही करावा. परंतु वापरण्याची मोकळीक आणि कर्तृत्वाचे श्रेय हे दोन निराळे विषय आहेत. सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वांनी भरावे. पण म्हणून ती खणणाऱ्याचे नाव पुसून तेथे पहिली घागर भरणाऱ्याचे नाव कोरावे, असे होत नाही.

आजची स्थिती तर आणखी गुंतागुंतीची आहे. ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना वादळात शहराचे बांध फुटले आणि हजारो घरांबरोबर हस्तलिखित पाकवह्या पाण्यात गेल्या. ऑस्टिन लेस्ली शहर सोडून अटलांटास गेले व त्याच सप्टेंबरात तेथे निवर्तले. ली चेस यांचे ‘डूकी चेस’ हे उपाहारगृह, जेथे साठोत्तर दशकात नागरी हक्क चळवळीतील काळे-गोरे कार्यकर्ते वर्णभेद झुगारून एकत्र जेवीत व खलबते करीत, तेही पाण्याखाली गेले. ते २००७ मध्ये पुन्हा उघडले आणि ली चेस यांनी २०१९ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, देह ठेवला. वादळानंतर लोकांनी आपापल्या हरवलेल्या कृतींची चौकशी वृत्तपत्राकडे सुरू केली. इतर वाचकांनी जपून ठेवलेली कात्रणे पाठविली. आणि २००८ साली त्यातून एक पुस्तक झाले. ते काढणारे वृत्तपत्र म्हणजे १९०० सालच्या त्या ‘पिकायून’चेच वारस. एकशेआठ वर्षांपूर्वी त्यांनी विद्येचा वारसा निनावी टिपला होता. या वेळी तो वाचकांनीच परस्परांच्या हाती ठेवला.

आणि खुद्द कोळंबी ? आज अमेरिकेत खपणारी बहुतेक कोळंबी परदेशातून येते, आणि २०२३ साली तिचा सर्वांत मोठा पुरवठादार होता भारत. आंध्राच्या किनारपट्टीवरील तळ्यांत २००९ पासून जी ‘व्हेनामी’ जात पोसली जाते, तीही मूळची अमेरिका खंडांच्याच प्रशांत किनाऱ्याची. मिरची जशी तिकडून इकडे आली, तशी ही कोळंबी इकडे येऊन पुन्हा तिकडे जाते. लुइझियानाच्या मच्छीमारांनी यावर तक्रार केली ती परदेशी मालाविषयी तितकी नव्हे, जितकी तो स्थानिक म्हणून खपविण्याविषयी. त्या राज्याने २०१९ मध्ये व अधिक कडकपणे २०२४ मध्ये कायदे केले. जानेवारी २०२५ पासून परदेशी कोळंबी वाढणाऱ्या उपाहारगृहाने तसे भोजनपत्रिकेवर छापले पाहिजे. कोळंबी कोठली, हे सांगणे आता कायद्याने बंधनकारक आहे. कृती कोणाची, हे सांगणे अजून केवळ सौजन्याचे आहे.

परक्यांच्या घरचे हे सर्व सांगून झाल्यावर आपल्या घराकडे पाहणे क्रमप्राप्त आहे. ‘रसचंद्रिके’सारखी पुस्तके आपल्या स्त्रियांनी स्वतः सिद्ध केली आणि ‘रुचिरा’वर कमलाबाई ओगले यांचे नाव ठळक आहे, ही आनंदाची गोष्ट होय. पण आमच्या देवस्थानांत समाराधना होतात तेव्हा काय होते ? देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जातात. हिशेबवहीत तांदूळ, नारळ व गूळ यांची खंडी-शेकड्याने नोंद असते. रांधप्यांच्या नावाला मात्र बहुधा रकानाच नसतो. ज्यांच्या हातच्या खतखत्याची आठवण पंगतीतले लोक पुढे वर्षानुवर्षे काढतात, त्यांचे नाव विचारले तर ‘तो अमक्या वाड्यावरचा’ एवढेच उत्तर येते. हे उत्तर आणि १९०० सालच्या त्या प्रस्तावनेतील रंगीत रुमाल यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

यास उपाय खर्चाचा नाही. ज्या देवस्थानाच्या वहीत तांदळाच्या पोत्यांसाठी रकाना आहे, तीत आणखी एक रकाना आखता येईल. ज्या घरात सासूबाईंच्या किंवा आत्याच्या हातचा एखादा पदार्थ नावाजलेला आहे, तेथे सुनेने किंवा नातवाने तो वहीत उतरवून खाली नाव, गाव आणि साल घालावे. आणि ती कृती त्यांना कोणी शिकविली हेही विचारून घ्यावे, मग ती घरची वडीलधारी असो की धुणेभांड्यांस येणारी बाई असो. हे विचारावयाचे ते त्या हयात आहेत तोवरच.